‘तू नक्की कोण?’ : मिश्रवंशीय मुले आणि शाळेची जबाबदारी

प्रश्न असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंनी लिहिले आहे की त्या मूळच्या साताऱ्याच्या, त्यांचे यजमान आफ्रिकन-अमेरिकन आणि मुलगी आठ वर्षांची, तिसरीत शिकणारी. वर्गात सर्वांना शुक्रवारपर्यंत आपापला वंशवृक्ष काढून आणायला सांगितला आहे. छापील कागदावर एक झाड, त्याच्या मुळाशी एक रिकामी चौकट आणि तिच्यावर ‘माझे कुटुंब या देशातून आले’ अशी ओळ. ‘मी कोणता देश लिहू?’ असे मुलीने विचारले, तेव्हा शिक्षिका प्रेमाने म्हणाल्या, ‘‘तुला आतून जास्त जे वाटतं ते निवड.’’ त्या दिवसापासून तो कागद दप्तरातच आहे आणि मुलगी त्याविषयी बोलायला तयार नाही. अशा मुलांसाठी शाळेने नेमके काय करायला हवे आणि पालकांनी शाळेकडे काय मागायचे, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, मी अमेरिकेतील सार्वजनिक शाळांत बावीस वर्षे समुपदेशक म्हणून काम करते आहे आणि रविवारी मराठी शाळेतही शिकवते, त्यामुळे तुमच्या मुलीसारखी मुले मला दोन्हीकडे भेटतात. शिक्षिकेचा हेतू चांगला होता याविषयी मला शंका नाही. पण ‘निवड’ हा एक शब्द आठ वर्षांच्या मुलीला काय सांगतो, ते पाहा : आई आणि बाबा यांपैकी एकाचे नाव चौकटीत येईल, दुसऱ्याचे येणार नाही, आणि हा निर्णय तू एकटीने, वर्गासमोर, शुक्रवारपर्यंत घ्यायचा आहे. तिने कागद दप्तरात ठेवला, यात मला तिचा शहाणपणाच दिसतो. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे की मुलाची वांशिक ओळख शाळेने ठरवायची नसते आणि मुलाकडून घाईने ठरवूनही घ्यायची नसते. आपले फॉर्म, आपला गृहपाठ, आपले कार्यक्रम आणि आपल्याकडील मोठ्या माणसांचे बोलणे यांपैकी कशामुळेही मुलाला स्वतःचे तुकडे करावे लागू नयेत, हे पाहणे मात्र शाळेचे काम आहे.

एकच चौकट भरण्याचा हा आग्रह येतो कुठून, हे शिक्षकांना आणि आपल्यालाही माहीत असले पाहिजे. आफ्रिकन रक्ताचा एक थेंब असला तरी माणूस कृष्णवर्णीयच, असा नियम अमेरिकेत दीर्घकाळ चालला आणि अनेक राज्यांनी तो कायद्यातही आणला. आंतरवंशीय विवाह कित्येक राज्यांत गुन्हा होता. व्हर्जिनियातील रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या जोडप्याला १९५८ साली लग्न केल्याबद्दल अटक झाली आणि पंचवीस वर्षे राज्यात एकत्र पाऊल न ठेवण्याच्या अटीवर त्यांची तुरुंगवासाची शिक्षा स्थगित करण्यात आली. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे घटनाबाह्य ठरवले, तेव्हाही सोळा राज्यांत ते अस्तित्वात होते. जनगणनेत एकापेक्षा अधिक वंशांवर खूण करण्याची मुभा तर थेट २००० साली मिळाली. त्या वर्षी सुमारे ६८ लाख लोकांनी तशी खूण केली. २०२० साली हा आकडा ३ कोटी ३८ लाखांवर, म्हणजे लोकसंख्येच्या १०.२ टक्क्यांवर गेला. या वाढीतील काही भाग प्रश्न विचारण्याच्या व उत्तरे नोंदवण्याच्या बदललेल्या पद्धतीमुळे आहे, हेही सांगितले पाहिजे. तरीही वर्गात बसलेल्या मुलांकडे पाहिले तर बदल डोळ्यांना दिसतो. कायदा बदलला, मुले बदलली, पण शाळेच्या कपाटातले छापील कागद पुष्कळदा जुनेच राहिले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील समाजशास्त्रज्ञ दोन समूहांच्या सीमेवर जगणाऱ्या माणसाकडे कायमचा दुभंगलेला, अस्वस्थ माणूस म्हणून पाहत. १९९० साली कार्लोस पोस्टन या संशोधकांनी मिश्रवंशीय व्यक्तींच्या ओळखीच्या विकासाच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्यांत समूह निवडण्याचा दबाव आणि त्यातून येणारी अपराधी भावना यांना स्पष्ट जागा होती. पुढे क्रिस्टन रेन या संशोधक बाईंनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांशी बोलून दाखवले की काही विद्यार्थी एकच वंश सांगतात, काही दोन्ही वेगवेगळे सांगतात, काही ‘मिश्र’ हीच आपली ओळख मानतात, काही वंशाचे वर्गीकरणच नाकारतात आणि कित्येक जण प्रसंगानुसार यांतून फिरत राहतात. माझ्या अनुभवात शाळकरी मुलांना हे शेवटचे वर्णन सर्वांत जास्त लागू पडते. तुमची मुलगी रविवारी मराठी शाळेत ‘मी मराठी’ म्हणेल, आजोळच्या लग्नात ‘मी अमेरिकन’ म्हणेल, वडिलांच्या चर्चमध्ये नुसतीच त्यांची मुलगी असेल आणि सोमवारी वर्गात काहीच सांगणार नाही. शिक्षकांना हा गोंधळ वाटतो व ते मला ‘तिला स्वतःविषयी खात्री नाही’ असे कळवतात. हा गोंधळ नव्हे. आपणही सासरी, माहेरी आणि कचेरीत एकाच स्वरात बोलत नाही. मारिया रूट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकात मिश्र वारशाच्या माणसांचे हक्क मांडले, त्यांत आईवडिलांना अपेक्षित असते त्याहून वेगळी, सख्ख्या भावंडांहून वेगळी, प्रसंगागणिक वेगळी ओळख सांगण्याचा आणि ती आयुष्यात पुढे बदलण्याचा हक्क आहे. भावंडांचा मुद्दा मी मुद्दाम सांगते, कारण एकाच घरातील दोन मुले रंगाने व केसांनी वेगळी दिसतात, जग त्यांना वेगळे वागवते आणि त्यांची उत्तरे वेगळी होतात. त्यांना एकच उत्तर देण्यास कोणी भाग पाडू नये, घरच्यांनीही.

आता शाळेकडे काय मागायचे ते सांगते, आणि सुरुवात प्रवेशाच्या फॉर्मपासून करते, कारण तिथे पालकांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. केंद्रीय शिक्षण खात्याच्या २००७ च्या मार्गदर्शक नियमांनुसार, २०१०-११ या शैक्षणिक वर्षापासून शाळा दोन प्रश्न विचारतात : मूल हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषिक मुळाचे, आहे का, आणि त्याचा वंश कोणता. दुसऱ्या प्रश्नात हव्या तितक्या खुणा करता येतात. पालकांनी हे रकाने कोरे सोडले, तर शाळेच्या कर्मचाऱ्याने मुलाकडे पाहून अंदाजाने ते भरावेत, असे हे नियम सांगतात. ‘आम्ही या वर्गीकरणात पडत नाही’ म्हणून रकाने कोरे सोडणारे कितीतरी सुशिक्षित मराठी पालक मी पाहिले आहेत. त्यांच्या मुलाचा वंश मग खिडकीमागे बसलेल्या माणसाने ठरवलेला असतो. तुम्ही दोन्ही खुणा करा आणि नोंद तशीच आहे ना, हे दरवर्षी पाहा. दुसरी गोष्ट अशी की वंशाच्या दोन खुणा केलेली, हिस्पॅनिक नसलेली सर्व मुले अहवालात ‘दोन किंवा अधिक वंश’ या एकाच गटात जातात. कृष्णवर्णीय-भारतीय मूल आणि श्वेत-जपानी मूल यांचे शाळेतील अनुभव फार वेगळे असू शकतात, आणि त्या एका गटाच्या सरासरीत तो फरक बुडून जातो. मूळ खुणा शाळेच्या नोंदीत असतात. शिस्तभंगाच्या शिक्षा कोणाला होतात, प्रगत गणिताच्या वर्गासाठी कोणाची शिफारस होते, हे त्या मूळ खुणांनुसार तपासून पाहावे, अशी लेखी विनंती पालक मुख्याध्यापकांना करू शकतात. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने हे दोन प्रश्न एकत्र करणारे नवे मानक जाहीर केले आहे. शाळांच्या फॉर्मपर्यंत ते पोहोचायला वेळ लागेल, पण जिल्ह्याच्या शिक्षण मंडळाच्या बैठकीत आत्तापासून विचारायला हरकत नाही.

लहान वर्गांत ओळखीचा प्रश्न शब्दांच्या आधी रंगांतून येतो. काही वर्षांपूर्वी मी पहिलीच्या वर्गात बसले होते आणि मुले स्वतःची चित्रे काढत होती. एका मुलाची आई फिलिपिनो, वडील कृष्णवर्णीय. त्याने आधी तपकिरी खडू घेतला, हातावर धरून पाहिला आणि ठेवून दिला. मग पीच घेतला, तोही ठेवला. शेवटी त्याने पीचवर तपकिरी हलक्या हाताने घासला, वरून थोडा नारिंगी फिरवला, कागद दंडाला लावून पाहिला आणि शेजारच्या मुलीला म्हणाला, ‘‘माझा रंग डब्यात नाही, करावा लागतो.’’ तो हे रडून बोलला नाही, माहिती दिल्यासारखे बोलला. त्याच्या बाईंनी तेव्हा जे केले ते मी आजही शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगते : त्यांनी सगळ्या वर्गाला आपापला रंग दोन-तीन खडू मिसळून तयार करायला लावला. कोणाचाच रंग डब्यातून थेट निघाला नाही, आणि त्या मुलाचे वेगळेपण सगळ्या वर्गाची रीत झाली. क्रायोला कंपनीने ज्या खडूचे नाव १९६२ पर्यंत ‘फ्लेश’ म्हणजे त्वचा असे ठेवले होते, त्याचेच नाव पुढे पीच झाले. २०२० साली त्याच कंपनीने त्वचेच्या चोवीस छटांचा डबा काढला. शाळेने तो डबा जरूर आणावा, पण बाईंनी त्या दिवशी केले ते कोणत्याही डब्यात विकत मिळत नाही.

गृहपाठाच्या बाबतीत माझा आग्रह असा असतो की कुटुंबाविषयीचा कोणताही प्रकल्प देण्यापूर्वी शिक्षकाने आठवडाभर आधी सर्व पालकांना तो कळवावा आणि कागदाचा आकार मुलांवर सोडावा. तुमच्या मुलीच्या कागदावरील ओळ तर दुहेरी दुखावणारी आहे. साताऱ्याच्या बाजूला गाव, कुलदैवत, आडनाव, कदाचित छापील कुलवृत्तांतसुद्धा असेल आणि पिढ्या मागे जाता येईल. यजमानांचे पूर्वज गुलामगिरीतून आलेले असतील, तर शोध बहुधा १८७० च्या जनगणनेपाशी थांबतो, कारण गुलामीतून सुटलेल्या माणसांची नावे सर्वसाधारणपणे तेव्हा प्रथम नोंदली गेली; १८५० आणि १८६० च्या याद्यांत मालकाच्या नावाखाली केवळ वय, लिंग आणि रंग लिहिलेला असे. त्या बाजूचा ‘देश’ कोणीतरी हिरावून घेतलेला आहे. ‘कोणत्या देशातून आलात’ हा प्रश्न एका बाजूने सोपा आणि दुसऱ्या बाजूने उत्तर नसलेला असतो, म्हणून मूल सोपे उत्तर लिहिते आणि वडिलांना कागद दाखवत नाही. हे मी अनेकदा पाहिले आहे.

शाळांच्या ‘सांस्कृतिक संध्याकाळी’ही हेच घडते : झेंडे लावलेली टेबले, प्रत्येक टेबलामागे एका देशाची मुले आणि अशी मुले दोन टेबलांच्या मधल्या वाटेत. टेबलांवर देशांऐवजी कुटुंबांची नावे लावली की हा प्रश्न सुटतो, आणि त्याला खर्च काहीच येत नाही.

इतिहासाच्या तासाला मिश्रवंशीय मुले साधारणपणे दोनदाच आपल्यासारखी माणसे पाहतात : एकदा लव्हिंग खटल्यात आणि एकदा बराक ओबामांच्या छायाचित्रात. याहून कितीतरी सामग्री आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीत शेतीसाठी आलेल्या पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांशी लग्ने केली, कारण कडक होत गेलेल्या स्थलांतर कायद्यांमुळे भारतातून बायका आणणे जवळजवळ अशक्य होते आणि श्वेत स्त्रियांशी विवाहाला आंतरवंशीय विवाहबंदीच्या कायद्यांचा अडसर होता. त्यांची मुले घरी बहुतांशी स्पॅनिश बोलत आणि आडनावे सिंग व खान अशी लावत. त्याच काळात बंगालमधून आलेले फेरीवाले आणि जहाजांवरून उतरलेले खलाशी न्यू ऑर्लिन्सच्या व न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन कुटुंबांत लग्न करून स्थायिक झाले. म्हणजे वडील भारतीय आणि आई कृष्णवर्णीय अशी मुले शंभर वर्षांपूर्वीही अमेरिकेत शाळेत जात होती. तुमच्या राज्यात आफ्रिकन-अमेरिकन इतिहास शिकवण्यासंबंधीचा अमिस्टॅड कायदा २००२ पासून आहे आणि आशियाई-अमेरिकन इतिहासाचा समावेश करणारा कायदा जानेवारी २०२२ मध्ये झाला आहे. दोन्ही धडे वेगवेगळ्या महिन्यांत, एकमेकांशी संबंध नसल्यासारखे शिकवले जातात. हार्लेममधील बंगाली कुटुंबांचा एक तास त्या दोन्हींना जोडू शकतो. त्या तासाला तुमच्या मुलीला उभे करून ‘तुला काय वाटते’ असे विचारू नये, एवढे मात्र शिक्षकांना आधी सांगावे लागते. मूल विद्यार्थी म्हणून वर्गात येते, नमुना म्हणून येत नाही.

मोठ्या माणसांच्या तोंडाविषयी लिहिताना मला थोडे कठोर व्हावे लागेल. एका शाळेत मी असताना एक मराठी आई आपल्या लेकीला लवकर न्यायला आली. तिच्या आधीच्या दोन पालकांना कार्यालयातील बाईंनी नुसते हसून मुले सोपवली. हिला ओळखपत्र मागितले आणि वर विचारले, ‘‘तुम्ही हिला सांभाळता का?’’ मुलगी तिथेच उभी होती. ती काही बोलली नाही, पण आईचा हात तिने सोडला. ओळखपत्र मागायचेच असेल तर सर्वांना मागावे, हा नियम आम्ही दुसऱ्याच दिवशी लेखी करून घेतला. फोटोच्या दिवशी सर्व मुलांना तोच बारीक दातांचा कंगवा देणे, कुरळे केस ‘नीट बांधून या’ म्हणून घरी चिठ्ठी पाठवणे, ‘किती सुंदर मिश्रण आहे’ म्हणत केसांत हात घालणे, ‘अर्धी भारतीय’ म्हणणे, या सगळ्यांची नोंद मुले ठेवतात. केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून भेदभाव करण्यास न्यू जर्सीत २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, तो कायदा शिक्षकांच्या पहिल्या बैठकीत वाचून दाखवावा. आणि ‘तू काय आहेस?’ असे कोणी विद्यार्थ्याने विचारले तर शिक्षकाने ते हसण्यावारी नेऊ नये. ‘त्याचे उत्तर तिला सांगावेसे वाटले तर ती सांगेल’ एवढे वाक्य त्याच क्षणी, त्याच ठिकाणी बोलले गेले पाहिजे.

सहावीपासून पुढे प्रश्नाचे रूप बदलते. जेवणाच्या सभागृहातील टेबले रंगांनुसार भरू लागतात आणि दोन्हीकडून परीक्षा सुरू होते : एका टेबलावर ‘तू बोलतेस गोऱ्यांसारखी’, दुसऱ्यावर ‘तू खरी देसी नाहीस’. अनेक शाळांत कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिनो विद्यार्थ्यांचे स्वतंत्र गट असतात आणि ते चांगले काम करतात, पण वेळापत्रक करणारा माणूस ते सर्व गट एकाच जेवणाच्या सुट्टीत ठेवतो. तुमच्या मुलीला मग दर आठवड्याला एक दार निवडावे लागेल. गटांच्या वेळा वेगळ्या ठेवणे, कोणत्याही गटात येणाऱ्या मुलाकडे पुरावा न मागणे आणि पुरेशी मुले असतील तर मिश्रवंशीय विद्यार्थ्यांचा गट सुरू करणे या तीन गोष्टी मी प्रत्येक शाळेला सुचवते. त्या तिसऱ्या गटात पहिल्यांदा बसलेली मुले फारसे बोलत नाहीत. आपली गोष्ट पहिल्यापासून समजावून सांगावी न लागणारी खोली त्यांना नवीन असते.

एक गोष्ट मला आपल्याच माणसांना सांगायची आहे. मुलीला ‘मिश्र’ म्हणण्यात पुष्कळदा ‘कृष्णवर्णीय म्हणायला नको’ ही इच्छा दडलेली असते, आणि मुलांना ती अचूक कळते. रस्त्यावर, दुकानात, पुढे महाविद्यालयात जग तिला कृष्णवर्णीय मुलगी म्हणून पाहील तेव्हा त्या शब्दाचा अभिमान तिच्याजवळ आधीच असायला हवा. तो वडिलांकडून मिळतो, पण आईने त्याला दुजोरा दिल्याशिवाय तो पुरा होत नाही. आजोळहून व्हिडिओ कॉलवर ‘उन्हात खेळू नकोस, काळी होशील’ असे मायेने सांगितले जाते, ‘सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे’ असे कौतुक होते. ज्या मुलीचे वडील काळे आहेत तिच्या कानांवर ही वाक्ये पडतात तेव्हा ती वडिलांकडे पाहते. आजीला समजावणे अवघड असते, तरी ते तुम्हालाच करावे लागेल, आणि मुलीसमोर करावे लागेल. मराठी शाळेतील आम्हा शिक्षकांनाही हेच लागू आहे : ती ‘ळ’ म्हणताना अडखळली तर ‘वडील मराठी नाहीत ना’ हे कारण कोणी पुढे करू नये, कारण ज्यांचे दोन्ही पालक मराठी आहेत ती मुलेही तिथेच अडखळतात.

राहिला शुक्रवारचा कागद. शिक्षिकेला आज दोन ओळींचे पत्र लिहा : मुलीच्या कुटुंबाला एक चौकट पुरत नाही, ती मोठा कागद वापरणार आहे, आणि ‘देश’ या शब्दाऐवजी ‘गाव’ लिहिणार आहे. त्यांना हे पटेल, असे तुमच्या वर्णनावरून वाटते. मग मुलीला दोन फोन करू द्या, एक साताऱ्याच्या आजीला आणि एक वडिलांच्या आईला, आणि दोघींना तिने एकच प्रश्न विचारावा : ‘‘तू माझ्याएवढी होतीस तेव्हा कुठे राहत होतीस आणि स्वयंपाकघरात कशाचा वास यायचा?’’ दुसरी आजी कदाचित दक्षिणेतल्या एखाद्या गावाचे नाव सांगेल, कारण १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिण सोडून उत्तरेकडे व पश्चिमेकडे गेली आणि न्यू जर्सीतील कितीतरी घरे त्या प्रवासातून उभी राहिली. उत्तरे आली की कागद, खडू आणि झाडाचा आकार तिच्यावर सोडा, आणि ती चित्र काढत असताना तिच्या वडिलांना शेजारी बसू द्या.